पहिल्या वर्षाची लेखनाची अट : एपीच्या गुणांवर सूट घ्यावी की वर्ग करावा?

रेवाकाठ
नमस्कार मंडळी. माझी मुलगी येत्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतील एका सरकारी विद्यापीठात जीवशास्त्राच्या पदवीसाठी दाखल होत आहे आणि पुढे वैद्यकीय शिक्षण घेण्याचा तिचा विचार आहे. पहिल्या वर्षी लेखनाचा एक अभ्यासक्रम प्रत्येकाने पूर्ण करावाच, अशी तिथे अट आहे. शाळेत असताना तिने एपी इंग्लिश लँग्वेजची परीक्षा (एपी म्हणजे शाळेतच महाविद्यालयाच्या पातळीचा विषय शिकून द्यायची परीक्षा) दिली होती आणि तिला पाचपैकी चार गुण मिळाले. विद्यापीठाच्या तक्त्याप्रमाणे तेवढ्या गुणांवर ही अट पूर्ण झाली असे धरतात. तिला सूट घेऊन मोकळे व्हायचे आहे, म्हणजे पहिल्या सेमिस्टरमध्ये रसायनशास्त्राला आणि गणिताला जास्त वेळ देता येईल. तिच्या बाबांचेही तेच मत आहे. मला मात्र राहून राहून वाटते की, जी गोष्ट विद्यापीठाने झाडून सगळ्यांना सक्तीची केली आहे, तिच्यामागे काहीतरी कारण असणार. ज्यांनी हा वर्ग केला आहे, शिकवला आहे किंवा सूट घेऊन टाळला आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

सागरगोटा
सूट जरूर घ्यावी. मुलीने शाळेत वर्षभर मेहनत केली, परीक्षा दिली, गुण मिळवले आणि ते गुण विद्यापीठाने स्वतःच्या नियमानुसार मान्य केले. आता त्याच कामाचे शुल्क पुन्हा का भरायचे? माझ्या दोन्ही मुलांनी अशीच सूट घेतली, दोघेही अभियंते आहेत आणि दोघांचेही काही अडलेले नाही.

अक्षरवेल
मी अमेरिकेतील एका विद्यापीठात हाच वर्ग अनेक वर्षे शिकवत आले आहे, त्यामुळे माझे मत वर्गाच्या बाजूने झुकलेले आहे, हे आधीच सांगते. तरीही परीक्षा आणि वर्ग यांत नेमका काय फरक आहे, तो पाहण्यासारखा आहे.

एपी इंग्लिश लँग्वेजच्या परीक्षेत बहुपर्यायी प्रश्नांनंतर तीन निबंध असतात. एक दिलेल्या स्रोतांच्या आधारे मांडणी करण्याचा, एक कोणा लेखकाच्या युक्तिवादाचे विश्लेषण करण्याचा आणि एक स्वतःचे मत मांडण्याचा. तिन्हींसाठी मिळून २ तास १५ मिनिटे मिळतात आणि त्यांतली १५ मिनिटे वाचनासाठी असतात. म्हणजे एका निबंधाला साधारण ४० मिनिटे. एवढ्या वेळात जो पहिला खर्डा उतरतो, तोच शेवटचा. ही परीक्षा खोटी आहे असे मी मुळीच म्हणत नाही. चार गुण मिळवणारी मुले वाक्य नीट लिहितात, परिच्छेद बांधतात, वाचलेले समजून घेतात. पण लिहिलेले मोडून पुन्हा लिहिणे ही गोष्ट तिथे तपासली जात नाही, कारण ती तपासण्याला वेळच नसतो. आमच्या वर्गाचा बहुतांश भाग नेमका तोच असतो.

उदाहरण देते. एका विद्यार्थ्याने शहरातील बससेवेवर शोधनिबंध घेतला. पहिल्या खर्ड्यातले त्याचे मध्यवर्ती विधान असे होते : ‘शहरातील बससेवा सुधारणे अत्यंत आवश्यक आहे.’ व्याकरणात काही खोट नाही, आणि याला नाही म्हणणारा माणूसही सापडणार नाही. मी समासात एवढेच लिहिले : ‘कोणासाठी? आणि याच्याशी असहमत कोण होईल?’ पुढच्या खर्ड्यात त्याने फेऱ्या वाढवण्याची मागणी केली आणि आकडे दिले. त्याच्या गटातल्या मुलीने वाचून विचारले की, फेऱ्या वाढल्या तरी त्या दुपारीच वाढल्या तर रुग्णालयात रात्रपाळी करणाऱ्यांना काय उपयोग? तो पुन्हा ग्रंथालयात गेला, आणि तिसऱ्या खर्ड्यात त्याचे विधान असे झाले : ‘एकूण फेऱ्या तेवढ्याच ठेवून त्यांतल्या काही पहाटे आणि रात्री वळवल्या, तर ज्यांना बसशिवाय पर्याय नाही अशा कामगारांना त्याचा अधिक लाभ होईल, मग दुपारच्या प्रवाशांची थोडी गैरसोय झाली तरी चालेल.’ आता इथे वाद घालता येतो, पुरावा मागता येतो, कोणाचे काय जाते तेही दिसते. हा मुलगा शाळेत उत्तम गुण मिळवूनच आला होता. त्याला इंग्रजी शिकवायची गरज नव्हती. आपल्या विधानाचा पिच्छा पुरवणारा वाचक त्याला पहिल्यांदा भेटला, इतकेच.

दक्षिणवारा
अक्षरवेल यांनी फार चांगले लिहिले आहे. एक व्यावहारिक मुद्दा जोडतो : सूट म्हणजे नेमकी कशाची सूट, हे आधी तपासा. टेक्सासमध्ये सरकारी विद्यापीठांच्या सामाईक अभ्यासक्रमात संवाद आणि लेखन या विभागासाठी ६ क्रेडिटे (पदवीसाठी जमवायची अभ्यासक्रमांची एकके) ठेवलेली आहेत, त्यामुळे एपीने एक अभ्यासक्रम सुटला तरी दुसरा उरू शकतो. कॅलिफोर्निया विद्यापीठात तर एन्ट्री लेव्हल रायटिंग रिक्वायरमेंट, म्हणजे लेखनाची प्राथमिक अट, ही निराळी पायरी आहे, जी एपीच्या तीन गुणांवरही पूर्ण होते. तेवढ्यावर लेखनाचे सगळे काम संपले असे नसते. त्याच विद्यापीठाच्या बर्कलीच्या आवारात त्यानंतर वाचन आणि लेखनाचे अ आणि ब असे दोन भाग पुढे असतातच. अनेक पालक पहिली पायरी ओलांडली की सगळे झाले असे समजतात आणि तिसऱ्या वर्षी धावपळ करतात.

काही खासगी विद्यापीठांत हा प्रश्नच उद्भवत नाही. हार्वर्डचा एक्सपॉस, प्रिन्स्टनचे रायटिंग सेमिनार आणि स्टॅनफर्डचा पीडब्ल्यूआर या सक्तीच्या लेखनवर्गांतून एपीचे कितीही गुण असले तरी सुटका नाही.

तटस्थ_वाचक
अक्षरवेलताईंच्या वर्गाबद्दल मला आदर आहे, परंतु प्रत्येक विद्यार्थ्याला असा वर्ग मिळतो असे गृहीत धरून सल्ला देणे योग्य होणार नाही. मी ज्या मोठ्या विद्यापीठात शिकलो, तिथे हा अभ्यासक्रम बहुतेक ठिकाणी पहिल्या-दुसऱ्या वर्षाचे पीएचडीचे विद्यार्थी किंवा तात्पुरत्या नेमणुकीवरचे शिक्षक शिकवत असत. त्यांतले काही अतिशय मन लावून शिकवत, पण दोन-तीन महाविद्यालयांत मिळून पाच-पाच वर्ग घेणाऱ्या माणसाने प्रत्येक खर्डा किती बारकाईने वाचावा? माझ्या निबंधावर शेरा असायचा तो ‘छान, पण अजून विस्तार हवा’ एवढाच. असा वर्ग मिळणार असेल तर सूट घेऊन एखादा चांगला इतिहासाचा किंवा तत्त्वज्ञानाचा लेखनप्रधान वर्ग निवडणे अधिक शहाणपणाचे ठरेल.

अक्षरवेल
तटस्थ_वाचक, तुमची तक्रार शंभर टक्के खरी आहे आणि आमच्या क्षेत्राला ती लागूही आहे. लेखनशिक्षकांची १९४९ साली स्थापन झालेली सीसीसीसी ही संघटना सांगत आली आहे की, लेखनाच्या वर्गात २० पेक्षा अधिक विद्यार्थी नसावेत, शक्यतो १५ असावेत, आणि एका शिक्षकाकडे एका सत्रात लेखनाचे ६० पेक्षा अधिक विद्यार्थी देऊ नयेत. किती विद्यापीठे हे पाळतात हा भाग वेगळा. म्हणूनच निवड करताना अभ्यासक्रमाच्या नावावर न जाता वर्गात किती विद्यार्थी घेतात, खर्डे किती वेळा परत मिळतात आणि शिक्षकाशी समोरासमोर बसून चर्चा ठरलेली आहे का, हे सिलॅबसमध्ये पाहावे. या तीन गोष्टी असतील तर शिक्षक नवखा असला तरी वर्ग चांगला होतो, असे मी खात्रीने सांगू शकते.

जुनी_पाने
या अटीचा इतिहास थोडक्यात सांगतो, कारण रेवाकाठ यांनी विचारलेले ‘कारण’ तिथेच सापडते. हार्वर्डने १८७४ साली प्रवेशपरीक्षेत इंग्रजी निबंध ठेवला. चांगल्या शाळांतून आलेली मुलेही धड लिहीत नाहीत, अशी त्या काळीही ओरड होती. ॲडम्स शर्मन हिल या प्राध्यापकांच्या पुढाकाराने १८८५ साली पहिल्या वर्षासाठी ‘इंग्लिश ए’ हा सक्तीचा अभ्यासक्रम सुरू झाला आणि पुढे तोच नमुना देशभर गेला. म्हणजे ही अट जन्मली ती उणीव भरून काढण्यासाठी : शाळेने जे करायला हवे होते ते विद्यापीठाने करायचे. हीच समजूत अजूनही बहुतेकांच्या मनात आहे, आणि म्हणूनच ज्याचे इंग्रजी चांगले आहे त्याला हा वर्ग कशाला, असे वाटते.

पण मध्यंतरी बरेच पाणी वाहून गेले आहे. १९७० साली न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने शहरातील शाळा उत्तीर्ण झालेल्या सगळ्यांना प्रवेश खुला केला आणि ज्यांच्या घरात आधी कोणी महाविद्यालयाची पायरी चढले नव्हते अशी हजारो मुले वर्गात आली. त्यांना शिकवणाऱ्या मिना शॉनेसी यांनी ढीगभर उत्तरपत्रिका वाचून दाखवून दिले की, या मुलांच्या चुकांमागे आळस नाही, त्यांच्या परीने लावलेला एक तर्क आहे, आणि तो तर्क समजून घेतला तर शिकवता येते. १९७४ साली सीसीसीसीने विद्यार्थ्यांना आपल्या घरच्या बोलीचा हक्क आहे, असा ठराव केला. त्याच सुमारास लेखनाच्या अंतिम कागदापेक्षा लेखनाच्या प्रक्रियेवर भर देणारी शिक्षणपद्धती रुजली. अक्षरवेल यांनी सांगितलेले तीन खर्डे त्या बदलाचे फळ आहे. तेव्हा आजच्या वर्गाकडे १८८५ च्या नजरेने पाहू नये.

नवखा_प्रवासी
मी सध्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि बारावीपर्यंत भारतात शिकलो. एपी नव्हतेच, त्यामुळे मला सुरुवातीला एक लेखी चाचणी देऊन वर्ग ठरवून मिळाला. दुसऱ्या भाषेत लिहिणाऱ्यांसाठी वेगळी तुकडी होती. ती निवडण्याची मुभा होती आणि मी ती निवडली. क्रेडिट तेवढेच मिळते.

मला इंग्रजीची भीती होती, प्रत्यक्षात अवघड गेले ते दुसरेच. आपल्याकडे पुस्तकात जे आहे ते नीट लिहिले की गुण मिळतात. इथे दुसऱ्याच आठवड्यात एक छापील लेख देऊन सांगितले की, लेखक कुठे कमी पडतो ते दाखवा. छापून आलेल्या माणसाच्या विरुद्ध मी काय लिहिणार, असे वाटून मी सारांश लिहून दिला. बाईंनी तो परत करताना विचारले, ‘हे सगळे त्याचे झाले, यात तुझे कोणते वाक्य आहे?’ मी पान उलटसुलट पाहिले, एकही नव्हते. त्यानंतर मी प्रत्येक परिच्छेदात माझे वाक्य कोणते ते खाली रेघ मारून पाहू लागलो. आता प्रयोगशाळेचा अहवाल लिहितानाही निष्कर्षाच्या भागात मी तेच करतो.

सागरगोटा
नवखा_प्रवासी यांचा अनुभव मनाला भिडला. पण भारतातून थेट गेलेल्या विद्यार्थ्याची गरज आणि अमेरिकेतच शाळा केलेल्या मुलीची गरज सारखी नसावी, असे मला अजूनही वाटते. तिथल्या शाळांत वादविवाद, टीका, स्वतःचे मत हे सगळे लहानपणापासून असते.

अक्षरवेल
सागरगोटा, काही शाळांत असते, काही शाळांत नसते. अमेरिकी शाळेतून येणारी बहुसंख्य मुले पाच परिच्छेदांचा साचा घेऊन येतात : प्रस्तावना, तीन मुद्दे, समारोप. चाळीस मिनिटांच्या परीक्षेला तो साचा उपयोगी पडतो. परंतु दहा पानांच्या शोधनिबंधात मुद्दे एकमेकांवर उभे राहावे लागतात, नुसते शेजारी शेजारी ठेवून चालत नाही, आणि तिथे ही मुलेही नवखा_प्रवासी यांच्याइतकीच अडखळतात.

पांढरा_कोट
मी इथे मुख्यतः वाचत असते, पण प्रश्न वैद्यकीय शिक्षणाचा आहे म्हणून लिहिते. रेवाकाठ, तुमच्या मुलीच्या बाबतीत निर्णय या मुद्द्यावर व्हावा असे मला वाटते. अमेरिकेतील अनेक वैद्यकीय महाविद्यालये प्रवेशासाठी वर्षभराचे इंग्रजी किंवा लेखनप्रधान अभ्यासक्रम मागतात अथवा त्यांची शिफारस करतात. त्यासाठी एपीचे क्रेडिट चालेल की नाही, याबाबत प्रत्येकाचा नियम निराळा आहे : काही ते स्वीकारतात, काही अजिबात स्वीकारत नाहीत आणि काही म्हणतात की एपी असेल तर त्याच्या वरच्या पातळीचा अभ्यासक्रम करून दाखवा. विद्यापीठाने पदवीसाठी दिलेली सूट वैद्यकीय महाविद्यालयावर बंधनकारक नसते. वैद्यकीय महाविद्यालयांच्या एएएमसी या संघटनेच्या एमएसएआर या माहितीसंचात महाविद्यालयवार अपेक्षा दिलेल्या असतात, आणि त्यानंतरही त्या त्या महाविद्यालयाचे स्वतःचे पान पाहावे.

शिवाय एमकॅट या वैद्यकीय प्रवेशपरीक्षेत उताऱ्यांच्या चिकित्सक वाचनाचा एक पूर्ण विभाग असतो, ज्यात ९० मिनिटांत ५३ प्रश्न सोडवायचे असतात आणि विज्ञानाचे पाठांतर तिथे कामाला येत नाही. अर्जासोबतचा वैयक्तिक निबंध ५,३०० अक्षरांत बसवावा लागतो, रिकाम्या जागा धरून. मी मुलांचे हे निबंध वाचते, तेव्हा कोणी लिहिलेले मोडून पुन्हा लिहायला शिकले आहे आणि कोणी नाही, हे पहिल्या परिच्छेदातच कळते.

रेवाकाठ
पांढरा_कोट, मनापासून आभार. विद्यापीठाची सूट वैद्यकीय महाविद्यालयाला मान्य नसू शकते, ही गोष्ट आमच्यापैकी कोणाच्याच ध्यानात आली नव्हती. आज रात्रीच मुलीबरोबर बसून त्या माहितीसंचात पाहते.

वळणवाट
एक मधला मार्ग सुचवू का? उन्हाळ्यात जवळच्या कम्युनिटी कॉलेजात (दोन वर्षांच्या स्थानिक सरकारी महाविद्यालयात) हा अभ्यासक्रम करावा. शुल्क पुष्कळ कमी, वर्ग लहान, आणि ट्रान्सफर क्रेडिट मिळते, म्हणजे तिथले क्रेडिट विद्यापीठात धरले जाते. कॅलिफोर्नियात कोणत्या कॉलेजचा कोणता अभ्यासक्रम सरकारी विद्यापीठात कशाच्या बदल्यात चालतो, हे असिस्ट या संकेतस्थळावर पाहता येते. त्या कॉलेजांचा दर्जा हलका असतो, ही समजूत सोडून द्यावी. तिथे २०१७ च्या एबी ७०५ या कायद्यानंतर विद्यार्थ्यांना पूर्वतयारीच्या वर्गांत अडकवून न ठेवता विद्यापीठाच्या पातळीच्या इंग्रजी वर्गातच घ्यावे, असे धोरण आले. अनेक ठिकाणी त्या वर्गाला जोडून साहाय्याचे तास असतात.

पांढरा_कोट
मार्ग चांगला आहे, पण वैद्यकीय प्रवेशाच्या बाबतीत काही महाविद्यालये आवश्यक विषय चार वर्षांच्या विद्यापीठात केलेले पसंत करतात. ठरवण्याआधी तेवढे विचारून घ्यावे.

तटस्थ_वाचक
एक प्रश्न सगळ्यांनाच. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आल्यापासून घरी लिहून आणायच्या निबंधाचा अर्थ काय उरला आहे? मुलीने वर्ग केला आणि निम्म्या वर्गाने यंत्राकडून लिहून आणले, तर एकमेकांचे खर्डे वाचण्यातून ती काय शिकणार?

अक्षरवेल
आम्ही सगळे याच प्रश्नाशी झगडत आहोत. माझ्यापुरते सांगते. यंत्राने लिहिलेला मजकूर ओळखण्याचा दावा करणाऱ्या साधनांवर मी भरवसा ठेवत नाही, कारण त्यांच्याकडून निर्दोष मुलांवर, विशेषतः दुसऱ्या भाषेत लिहिणाऱ्यांवर, आळ येऊ शकतो, आणि असा आळ अठरा वर्षांच्या मुलाला उद्ध्वस्त करू शकतो. त्याऐवजी मी पहिला खर्डा वर्गातच हाताने लिहून घेते, पुढचे बदल कशामुळे केले याची टिपणे मागते आणि प्रत्येकाला समोर बसवून विचारते की, हा स्रोत तू का निवडलास, हा परिच्छेद इथे का आणलास. ज्याने स्वतः विचार केला आहे, तो चुकत-माकत का होईना, पण उत्तर देतो. याला वेळ फार लागतो, म्हणून वर्ग लहान असण्याचा आग्रह आता पूर्वीपेक्षाही महत्त्वाचा झाला आहे. आणि परीक्षेच्या गुणांवर सूट घेणाऱ्या मुलीला हा प्रश्न टळतो असेही नाही. विद्यापीठात ती लिहिणारच आहे, फक्त तिच्या लेखनाकडे असे निरखून पाहणारे कोणी नसेल.

नवखा_प्रवासी
आमच्या गटातल्या एकाने यंत्राचा खर्डा आणला होता. वाचायला गुळगुळीत होता, पण आम्ही प्रश्न विचारले तेव्हा त्याला एकही उत्तर देता आले नाही. पुढच्या वेळी त्याने स्वतः लिहून आणले, आणि तो खर्डा ओबडधोबड असूनही त्यावर आमची तासभर चर्चा झाली.

रेवाकाठ
सर्वांचे पुन्हा आभार. मुलीबरोबर यादी पाहिली. तिने मनात धरलेल्या वैद्यकीय महाविद्यालयांपैकी काहींना एपीचे इंग्रजी पुरत नाही, हे तिने स्वतःच वाचले आणि मग अक्षरवेल यांचे प्रतिसादही वाचले. बसच्या उदाहरणावर ती बराच वेळ थांबली होती. तिचे म्हणणे आता असे आहे की, वर्ग करायचा, पण पहिल्या सेमिस्टरऐवजी दुसऱ्यात, म्हणजे रसायनशास्त्राचा भार थोडा हलका होईल. तिच्या बाबांची हरकत नाही. असे पुढे ढकलता येते का? आणि वर्ग केल्यास एपीचे क्रेडिट जाते का?

दक्षिणवारा
बहुतेक ठिकाणी एकाच अभ्यासक्रमाचे क्रेडिट दोनदा देत नाहीत, त्यामुळे वर्ग केला तर त्याच्याशी जुळणारे एपीचे क्रेडिट सहसा गळते. पदवीच्या एकूण क्रेडिटांचे गणित घट्ट असेल, तर विद्यापीठात अभ्यासक्रमांबाबत सल्ला देणाऱ्या ॲडव्हायझरला लेखी विचारून ठेवावे. दुसऱ्या सेमिस्टरला घेण्याची मुभा बहुधा असते, पण काही विद्यापीठे आडनावाच्या आद्याक्षरावरून किंवा विभागावरून सत्र नेमून देतात. नोंदणी मात्र खिडकी उघडल्या उघडल्या करावी, कारण लहान वर्ग आधी भरतात.

अक्षरवेल
आणखी एक गोष्ट. ही अट पूर्ण झाली असे धरण्यासाठी पुष्कळ विद्यापीठांत किमान ‘सी’ श्रेणी लागते. त्याखाली ‘डी’ मिळाली तर क्रेडिट मिळूनही अट शिल्लक राहू शकते. श्रेणीऐवजी फक्त उत्तीर्ण-अनुत्तीर्ण असा पर्याय घेतला तर वैद्यकीय महाविद्यालये तो अभ्यासक्रम धरतीलच असे नाही, म्हणून तिने श्रेणीसहच नोंदणी करावी. विषयवार तुकड्या असतील तर आरोग्य किंवा विज्ञानलेखन या विषयाची तुकडी मिळते का ते पाहावे. आणि पहिल्याच आठवड्यात रायटिंग सेंटरची (विद्यापीठाच्या लेखन-साहाय्य केंद्राची) वेळ घेऊन ठेवावी. तिथे फक्त कच्च्या विद्यार्थ्यांनी जायचे असते असा समज आहे, पण माझ्या वर्गातली सर्वांत चांगली लिहिणारी मुलेच तिथे सर्वाधिक वेळा जातात.

रेवाकाठ
नोंदणी नोव्हेंबरमध्ये उघडते. ॲडव्हायझरला आजच पत्र पाठवते आणि उत्तर आले की इथे लिहिते, म्हणजे असाच प्रश्न पडलेल्या दुसऱ्या कोणाला उपयोग होईल.